साध्या रक्ततपासणीतून सेप्सिसच्या तीव्रतेचा अंदाज

पावसाळ्यात नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात भाताच्या आवणीची धांदल सुरू होते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांतील शेतकरी व शेतमजूर दिवसचे दिवस चिखलात उभे राहून काम करतात. पायात काटा रुततो, विळ्याने बोट कापते, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यांपैकी बहुतेक जखमा आपोआप भरून येतात. तथापि एखादी जखम चिघळते, पाय सुजतो, ताप चढतो आणि दोनतीन दिवसांत धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो. ‘सेप्टिक झाले’ किंवा ‘अंगात विष भिनले’ असे त्याचे वर्णन गावात केले जाते. वैद्यकशास्त्रात याच अवस्थेला सेप्सिस म्हणतात. जखमेप्रमाणेच न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, पोटातील पू, तसेच बाळंतपणानंतरचा जंतुदोष यांतूनही ही अवस्था उद्भवते.

सेप्सिसचा प्रश्न किती मोठा आहे, याची कल्पना जागतिक आकडेवारीवरून येते. सन २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख लोक दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मांडण्यात आला. त्या वर्षी जगात झालेल्या एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा सेप्सिसशी निगडित होता. जागतिक आरोग्य परिषदेने २०१७ मध्येच एक ठराव संमत करून सेप्सिसचा प्रतिबंध, वेळीच निदान आणि उपचार यांकडे लक्ष देण्याचे आवाहन सर्व राष्ट्रांना केले.

या रोगात वेळेला सर्वाधिक महत्त्व आहे. सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णास निदान होताच, शक्यतो पहिल्या तासात प्रतिजैविक औषध मिळावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. सुरगाण्याहून नाशिक शहर सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. पेठहून येताना कोटंबीचा घाट व सावळघाट ओलांडावा लागतो. अशा परिस्थितीत कोणत्या रुग्णास गावाजवळच्या आरोग्य केंद्रात ठेवता येईल आणि कोणास तातडीने पुढे पाठवावे लागेल, हा निर्णय पहिल्याच पायरीवर घ्यावा लागतो. हा निर्णय घेण्याच्या कामी रक्ताची अगदी साधी तपासणी कितपत उपयोगी पडते आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचा परिचय आरोग्य खात्याबाहेरील कार्यकर्त्यांनाही असणे इष्ट आहे.

सेप्सिस म्हणजे नेमके काय?

शरीरात जंतू शिरले की पांढऱ्या रक्तपेशी त्यांच्याशी झुंज देतात. त्या भागात सूज, उष्णता व वेदना निर्माण होतात. हा शरीराचा स्वाभाविक बचाव होय. परंतु काही वेळा हा बचाव मर्यादा सोडतो. जंतूंचा नाश करण्यासाठी निघालेली रसायने सर्व शरीरभर पसरतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरू लागतो, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि मूत्रपिंड, फुप्फुसे, यकृत, मेंदू यांना पुरेसे रक्त पोहोचत नाही. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अशा अनियंत्रित प्रतिसादामुळे जेव्हा अवयवांचे कार्य बिघडते व जिवाला धोका निर्माण होतो, तेव्हा त्या अवस्थेस सेप्सिस म्हणावे, अशी व्याख्या २०१६ साली करण्यात आली.

या व्याख्येत एक महत्त्वाची सूचना दडलेली आहे. केवळ ताप आला किंवा पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे सेप्सिस झाला असे नव्हे. कोणत्या अवयवाचे कार्य किती बिघडले आहे, हे पाहावयास हवे. हे बिघाड मोजण्यासाठी १९९६ पासून ‘सोफा’ या नावाची गुणपद्धती प्रचलित आहे. तीत श्वसन, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड अशा सहा बाबींना प्रत्येकी शून्य ते चार गुण दिले जातात. गुण जितके अधिक, तितका बिघाड अधिक. जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णाचे गुण पूर्वीपेक्षा दोन किंवा अधिक वाढले, तर त्यास सेप्सिस झाला असे समजतात. रुग्णालयात दाखल झालेल्या अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १० टक्के आढळते. या सहांपैकी तीन बाबींचे गुण रक्तातील प्लेटलेट, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन या नेहमीच्या तपासण्यांवरून मिळतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

नेहमीच्या तपासणीतील खुणा

‘हिमोग्राम’ किंवा ‘सीबीसी’ या नावाने ओळखली जाणारी रक्तपेशींची गणना ही सर्वांत परिचित तपासणी होय. हिमोग्लोबिन पाहण्यासाठी ती केली जाते आणि पुष्कळदा अहवालातील तेवढाच आकडा वाचून कागद बाजूला ठेवला जातो. वस्तुतः त्याच कागदावर सेप्सिसच्या संदर्भात तीन-चार मोलाच्या खुणा असतात.

पहिली खूण पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येची. एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी प्रौढ माणसात साधारणतः ४,००० ते ११,००० असतात. जंतुसंसर्गात त्या वाढतात, हे सर्वश्रुत आहे. मात्र तीव्र संसर्गात त्या ४,००० च्या खालीही घसरतात आणि अशी घसरण वाढीपेक्षा अधिक चिंताजनक ठरू शकते. अस्थिमज्जेतून नव्या पेशींचा पुरवठा अपुरा पडू लागल्याचे ते लक्षण असते. साठा संपत आला की अपक्व पेशीही रक्तात उतरतात. अशा पेशींचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले असल्यास तोही इशारा समजावा.

दुसरी खूण पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची. यांतील न्यूट्रोफिल या पेशी जंतूंवर पहिला हल्ला करतात, तर लिंफोसाइट या पेशी प्रतिकारशक्तीचे पुढील नियमन करतात. तीव्र जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल वाढतात. याच वेळी शरीरावर पडलेल्या ताणामुळे लिंफोसाइट रक्तातून कमी होतात. त्यांपैकी अनेक नष्टही होतात. म्हणून न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला लिंफोसाइटच्या टक्केवारीने भागल्यास जे गुणोत्तर येते, त्यात शरीरातील उलथापालथीच्या दोन्ही बाजू एकत्र दिसतात. निरोगी प्रौढांत हे गुणोत्तर साधारणतः १ ते ३ च्या दरम्यान असते. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या आजाराची तीव्रता जोखण्यासाठी त्याचा वापर करावा, असे २००१ च्या सुमारास सुचविण्यात आले. तेव्हापासून अनेक देशांत त्याचा अभ्यास झाला असून, गुणोत्तर १० च्या वर गेलेल्या रुग्णाकडे विशेष लक्ष द्यावे, असा सर्वसाधारण कल त्यातून दिसतो.

या गुणोत्तराचे वैशिष्ट्य असे की, त्यासाठी वेगळी सुई टोचावी लागत नाही आणि वेगळा खर्चही करावा लागत नाही. स्वयंचलित यंत्र बंद असले तरी अडत नाही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर द्यावा, लीशमन रंगाने तो रंगवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंभर पांढऱ्या पेशी मोजून त्यांची वर्गवारी करावी. हिवतापाच्या तपासणीसाठी जो सूक्ष्मदर्शक वापरला जातो, त्यावरच हे काम होते.

तिसरी खूण प्लेटलेटची. या पेशींची संख्या एका घन मिलिमीटरमध्ये साधारणतः दीड ते चार लाख असते. सेप्सिसमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्या की प्लेटलेट खर्ची पडतात. संख्या दीड लाखाच्या खाली गेल्यास ‘सोफा’ पद्धतीत एक गुण, एक लाखाच्या खाली दोन, ५० हजारांच्या खाली तीन आणि २० हजारांच्या खाली चार गुण धरले जातात.

या गणनेला क्रिएटिनिनची जोड दिली म्हणजे चित्र अधिक स्पष्ट होते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले की हा पदार्थ रक्तात साचतो. त्याचे प्रमाण शंभर मिलिलिटर रक्तात १.२ मिलिग्रॅम झाले की एक गुण, २ झाले की दोन, ३.५ झाले की तीन आणि ५ च्या पुढे गेले की चार गुण होतात. बिलिरुबिन वाढले असल्यास त्याचेही याच रीतीने गुण मोजतात.

एका उदाहरणाचा हिशेब

हे आकडे कसे वाचावयाचे, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पायाची जखम चिघळलेला पन्नाशीचा एक शेतकरी तिसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात आला. त्याच्या पांढऱ्या पेशी ११,६०० आहेत. हा आकडा नेहमीच्या मर्यादेपेक्षा किंचितच अधिक असल्याने वरवर पाहता काळजीचे कारण दिसत नाही. परंतु पेशींच्या वर्गवारीत न्यूट्रोफिल ८८ टक्के आणि लिंफोसाइट ८ टक्के आहेत. म्हणजे गुणोत्तर ११ आले. प्लेटलेट १ लाख ३० हजार आहेत आणि क्रिएटिनिन १.८ आहे. पूर्वी हे दोन्ही आकडे सामान्य होते, असे धरल्यास ‘सोफा’चे प्रत्येकी एक याप्रमाणे दोन गुण झाले. ज्या रुग्णाचा एकूण पेशींचा आकडा जवळजवळ निर्दोष दिसत होता, तो सेप्सिसच्या व्याख्येत बसला!

आता हाच रुग्ण उपचारानंतर दोन दिवसांनी पुन्हा तपासला. न्यूट्रोफिल ७५, लिंफोसाइट १५, म्हणजे गुणोत्तर ५. प्लेटलेट १ लाख ६० हजार, क्रिएटिनिन १.१. रुग्ण सुधारत आहे, हे उघड आहे. याउलट न्यूट्रोफिल ९२, लिंफोसाइट ४, म्हणजे गुणोत्तर २३. प्लेटलेट ८० हजार आणि क्रिएटिनिन २.६ असे आकडे आले असते, तर दोन गुणांचे चार गुण झाले असते आणि रुग्णास मोठ्या रुग्णालयात हलविण्यास क्षणाचाही विलंब लावणे योग्य ठरले नसते. एका वेळच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधील चढउतार अधिक बोलका असतो, हे यावरून ध्यानात येईल.

अन्य तपासण्या

जंतुदोषाचे आणखी काही निदर्शक वापरात आहेत. त्यांपैकी ‘सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन’ हे १९३० साली न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेतील टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात शोधून काढले. यकृतात तयार होणारे हे प्रथिन संसर्गानंतर काही तासांनी वाढू लागते व सुमारे दोन दिवसांत शिगेला पोहोचते. संसर्ग आटोक्यात आला की ते साधारणतः १९ तासांत निम्मे होते. त्यामुळे पहिल्या काही तासांत ते कमी आढळले म्हणून निर्धास्त राहता येत नाही. मात्र उपचार लागू पडत आहेत किंवा नाहीत, हे पाहण्यासाठी ते उपयुक्त ठरते. हे प्रमाण काही प्रयोगशाळा एका लिटरमागे, तर काही शंभर मिलिलिटरमागे देतात. या दोन आकड्यांत दहापटींचा फरक पडत असल्याने अहवालातील परिमाण पाहिल्याशिवाय तुलना करू नये.

प्रोकॅल्सिटोनिन या पदार्थाचा जंतुसंसर्गाशी असलेला संबंध १९९३ साली फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिला. ही तपासणी अधिक अचूक असली तरी तुलनेने महाग आहे. प्रतिजैविक औषध केव्हा सुरू करावे, हे ठरविण्यासाठी तिच्यावर विसंबू नये. औषध केव्हा थांबवावे, हे ठरविताना मात्र रुग्णाच्या तपासणीबरोबर तिचा उपयोग करावा, असे २०२१ च्या सूचना सांगतात.

पेशींना प्राणवायू कमी पडू लागला की रक्तात लॅक्टेट वाढते. रक्ताच्या एका लिटरमध्ये ते २ मिलिमोलपेक्षा अधिक असणे हे धोक्याचे आणि ४ पेक्षा अधिक असणे हे गंभीर अवस्थेचे चिन्ह होय. परंतु रक्त काढल्यानंतरही नळीतील पेशी लॅक्टेट तयार करीतच राहतात. म्हणून नमुना खास नळीत घेऊन, थंड ठेवून, त्वरित तपासावा लागतो. घाटरस्त्याने तासन् तास प्रवास करून आलेल्या नमुन्यावरून काढलेला आकडा विश्वासार्ह राहीलच असे नाही. पेशींच्या गणनेसाठी जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतलेले रक्त मात्र काही तास सुस्थितीत राहते. ग्रामीण भागाच्या दृष्टीने साध्या निदर्शकांचे महत्त्व वाढते, ते याच कारणामुळे.

लॅक्टेट मोजण्याची सोय नसेल तेथे आणखी एक उपाय हाताशी असतो. रुग्णाच्या बोटाचे टोक घट्ट दाबून सोडल्यावर ते पांढरे पडते व क्षणार्धात पुन्हा गुलाबी होते. त्यास तीन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर रक्तपुरवठा मंदावला आहे असे समजावे. दक्षिण अमेरिकेतील काही देशांत झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, या साध्या परीक्षेवरून उपचारांची दिशा ठरविणे हे लॅक्टेटवरून ठरविण्यापेक्षा कमी प्रतीचे असल्याचे आढळले नाही. तेव्हापासून मार्गदर्शक सूचनांतही तिला पूरक परीक्षा म्हणून स्थान मिळाले आहे.

आकडे फसवितात तेव्हा

साध्या निदर्शकांचा मुख्य दोष असा की, ते केवळ सेप्सिसमध्येच बदलतात असे नाही. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड घेणाऱ्या माणसात न्यूट्रोफिल वाढलेले व लिंफोसाइट घटलेले असतात. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, हृदयविकाराचा झटका यांतही गुणोत्तर चढते. गरोदरपणात पांढऱ्या पेशी मुळातच अधिक असतात आणि प्रसूतीच्या वेळी त्या आणखी वाढतात. लहान मुलांत पहिली काही वर्षे लिंफोसाइटचेच प्रमाण अधिक असते. त्यामुळे प्रौढांचे गुणोत्तर त्यांना लावणे चुकीचे होय. विषमज्वरात जंतुसंसर्ग तीव्र असूनही पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ संभवतो. डेंग्यू आणि हिवताप या दोन्ही रोगांत प्लेटलेट घटतात. म्हणून प्लेटलेट कमी दिसताच सेप्सिसचे निदान करणे जसे चूक, तसेच ‘डेंग्यूच असेल’ असे समजून चिघळलेल्या जखमेकडे दुर्लक्ष करणेही चूक. अशा वेळी हिवताप व डेंग्यूच्या तपासण्या बरोबरीनेच करावयास हव्यात.

सिकलसेलग्रस्त रुग्णांच्या बाबतीत विशेष दक्षता आवश्यक आहे. राज्याच्या अनेक आदिवासी भागांत हा आनुवंशिक विकार आढळतो. त्यात पाणथरीचे, म्हणजे प्लीहेचे कार्य बालपणीच क्षीण होते आणि जंतुसंसर्ग झपाट्याने पसरू शकतो. शिवाय अशा रुग्णांच्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात. त्यांचे जुने अहवाल जपून ठेवलेले असतील तरच नव्या आकड्याचा अर्थ लावता येतो.

गुणोत्तराची धोक्याची एकच निश्चित रेषाही आखता आलेली नाही. मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काढलेला आकडा प्राथमिक आरोग्य केंद्रात जसाच्या तसा लागू पडत नाही. कारण दोन्हीकडे येणारे रुग्ण वेगळ्या अवस्थेतील असतात. येथे संशोधनाला वाव आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून नाशिक येथेच आहे आणि राज्यातील संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करावा लागतो. दैनंदिन तपासणीत आपोआप उपलब्ध होणारे हे आकडे अशा प्रबंधांस सुयोग्य विषय आहेत. ग्रामीण रुग्णालयांत प्रथम आलेल्या रुग्णांची माहिती त्यांत आली, तर तिचा उपयोग राज्यालाच होईल.

गडचिरोलीचा धडा

रक्ताची तपासणी हाती नसतानाही जीव वाचविता येतात, याचे लक्षणीय उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला. ३९ गावांत प्रशिक्षित ग्राम आरोग्य सेविका घरोघर जाऊन बालकांची पाहणी करीत आणि ठरावीक लक्षणांवरून जंतुदोष ओळखून औषध व इंजेक्शन देत. उपचारांपूर्वीच्या काळात जंतुदोष झालेल्या बालकांपैकी १६.६ टक्के दगावत होती. सेविकांनी उपचार केलेल्या बालकांत हे प्रमाण २.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या सेविकांजवळ प्रयोगशाळा नव्हती. होती ती नेमक्या लक्षणांची यादी आणि तत्काळ कृती करण्याची मुभा. याचा अर्थ रक्ततपासणी निरुपयोगी आहे असा नव्हे. लक्षणे दिसताच उपचार सुरू व्हावेत आणि तपासणीने त्या उपचारांची दिशा व रुग्णाला हलविण्याची निकड ठरवावी, असा हा क्रम आहे. अहवालाची वाट पाहण्यात औषधाची वेळ टळली, तर अहवाल कितीही अचूक असला तरी त्याचा रुग्णाला उपयोग नाही.

गाव, शाळा आणि कार्यालय

जंतुसंसर्ग झालेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक वेळा चालणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा ग्लानी येणे, रक्तदाबाचा वरचा आकडा १०० किंवा त्याहून खाली जाणे, लघवी अतिशय कमी होणे, हातपाय गार पडणे अथवा त्वचेवर निळसर डाग दिसणे, ही धोक्याची लक्षणे होत. तान्हे मूल दूध ओढत नसेल, निपचित पडले असेल, त्याचे अंग गार लागत असेल किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. दोन महिन्यांच्या आतील बालकाचा श्वास मिनिटाला ६० वेळा किंवा अधिक चालणे हेही धोक्याचे होय.

आश्रमशाळांतील शिक्षक व अधीक्षक यांच्यावर शेकडो मुलांची जबाबदारी असते. ताप आलेल्या मुलाचा श्वास घड्याळ लावून मोजणे आणि जखमा रोजच्या रोज धुऊन झाकल्या जातात की नाहीत हे पाहणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ साधेल.

पंचायत सदस्यांनी आपल्या गावापुरते तीन प्रश्न विचारावेत. रात्री-अपरात्री रुग्ण हलवावा लागला तर वाहन कोठून येईल? राज्यात २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका सेवेची माहिती प्रत्येक पाड्यावर आहे काय? पावसाळ्यात रस्ता तुटला तर पर्यायी मार्ग कोणता? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत जूनपूर्वीच या प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवता येतील.

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने प्रश्न तपासणीच्या वेळेचा आहे. केंद्र शासनाच्या २०२२ च्या सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, तर सामुदायिक आरोग्य केंद्रात ९७ प्रकारच्या तपासण्या उपलब्ध असणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आल्या. म्हणजे तपासणीचा खर्च हा मोठा अडसर राहिलेला नाही. परंतु नमुना गाडीने दूरच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल दुसऱ्या दिवशी येणार असेल, तर सेप्सिसच्या रुग्णास त्याचा लाभ मिळत नाही. तातडीची पेशीगणना जागेवरच व्हावी, सूक्ष्मदर्शक व रंगद्रव्ये सुस्थितीत असावीत, तंत्रज्ञाचे पद रिक्त राहू नये आणि अहवालात पेशींची एकूण संख्या व वर्गवारी या दोन्ही बाबी ठळकपणे नोंदल्या जाव्यात, याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

आणखी एक छोटी सुधारणा खर्चाशिवाय होण्याजोगी आहे. रुग्णास पेठ वा सुरगाण्याहून कळवणच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात पाठविताना संदर्भ चिठ्ठीवर रक्त काढल्याची वेळ, न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, प्लेटलेट व क्रिएटिनिन यांचे आकडे, तसेच दिलेल्या पहिल्या औषधाचे नाव व वेळ लिहावी. पुढच्या डॉक्टरांना तुलनेसाठी पहिला आकडा आयता मिळेल आणि रुग्ण वाटेत सावरला की खालावला, हे पहिल्या दुसऱ्या तपासणीतच कळेल.

प्रतिजैविकांचा अनावश्यक वापर टाळण्याच्या कामीही हीच शिस्त उपकारक ठरेल. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा धोका ओळखून देशाने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा हाती घेतला. प्रत्येक तापाला तीव्र प्रतिजैविक देणे आणि सेप्सिस झालेल्या रुग्णास ते उशिरा देणे, हे दोन्ही दोष सारखेच घातक आहेत. श्वास, नाडी, शुद्ध यांची पाहणी आणि साध्या रक्ततपासणीचे दोन वेळचे आकडे यांची सांगड घातली, तर हे दोन्ही दोष टाळण्यास साहाय्य होईल. आवणीच्या दिवसांत चिघळलेला पाय घेऊन आरोग्य केंद्राच्या पायरीवर आलेल्या शेतकऱ्याला घाट ओलांडून पुढे पाठवावयाचे किंवा नाही, हे मग अंदाजाने ठरविण्याची वेळ येणार नाही.